वेचणीचा भाव आणि रुपयाचा भाव

अर्थशास्त्रावरील वादासाठी हल्ली वर्गाची वा परिसंवादाची गरज उरलेली नाही. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात, तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तीन विषय हटकून निघतात. किमान वेतनाचा कायदा हवा की नको, बाजार पूर्णतः मोकळा सोडावा की त्यावर सरकारचा हात असावा, आणि नोटेची जागा उद्या संगणकातील चलन घेणार काय? वाद करणारी मंडळी हुशार असतात. त्यांना हायेक ठाऊक असतो, बिटकॉइनचा आजचा भाव तोंडपाठ असतो. मात्र हे तिन्ही वाद स्वतंत्रपणे चालतात, जणू त्यांचा परस्परांशी संबंध नाही. आणि ज्या जिल्ह्यात ते चालतात तेथील शेतात उभ्या असलेल्या माणसाशी तर तो मुळीच नाही. वस्तुतः हा एकच प्रश्न आहे. दिवसभराच्या श्रमाचे मोल कोण ठरवितो, ते ठरताना मजुराला ‘नाही’ म्हणण्याची सोय असते काय, आणि ठरलेले मोल हातात पडेपर्यंत त्यातले किती उरते?

आपल्या जिल्ह्यात घाटाखाली, मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद या भागात कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी दिवसावर नसते, किलोवर असते. हिशेबाच्या सोयीसाठी किलोला दहा रुपये धरू. पहिल्या वेच्याला बोंडे भरघोस फुटलेली असतात. चांगल्या हाताची बाई चाळीस किलो वेचते आणि चारशे रुपये पदरात पडतात. शेवटच्या वेच्याला किंवा फरदडीत तीच बाई तेवढेच तास वाकून अठरा किलो वेचते. मिळतात एकशे ऐंशी. दर तोच, बाई तीच, ऊन तेच. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा दैनिक दर ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे एका महिन्यात ही बाई त्या रेषेच्या वर असते आणि दुसऱ्या महिन्यात बरीच खाली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानेच सांगून ठेवले होते की, काम नगावर वा वजनावर दिले तरी दिवसाच्या किमान दराहून कमी देता येणार नाही. परंतु कापसाच्या तासात उभे राहून हा हिशेब करणारा निरीक्षक अद्याप कोणी पाहिलेला नाही.

येथे कास्तकारावर सारा दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे, आणि शहरी लेखणी ते नेहमी करते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, किलोला सत्त्याहत्तर. त्यातले दहा वेचणीला गेले म्हणजे आठवा हिस्सा केवळ बोंडातून कापूस काढण्यातच संपला. बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी हे सारे त्याआधीचे. हमीभाव मिळेलच याचीही हमी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठविले आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत चालू ठेवली. वेचणीचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावरच बाहेरच्या कापसाला दार उघडले गेले. बियाण्याचा आणि खताचा भाव दुसरेच कोणी ठरवितात, कापसाचा जगाचा बाजार. ज्या एका खर्चावर कास्तकार घासाघीस करू शकतो, तो म्हणजे मजुरी. दोन एकरांचा धनी आणि भूमिहीन बाई यांची गाठ बांधावर पडते. वरचे सारे पक्ष तेथे हजर नसतात.

आता मुक्त बाजाराकडे वळू. बाजार ही निसर्गाने दिलेली वस्तू आहे आणि कायदा हा त्यातला उपटसुंभ, अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. वऱ्हाडचा इतिहास तिला आधार देत नाही. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले ते इंग्लंडातील गिरण्यांना कापूस लवकर पोचावा म्हणून. तो लोहमार्ग सरकारनेच घातला होता. पुढे १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. वजनमाप कोणते, दलाली किती, बाजार कोठे व कोणाच्या देखरेखीखाली भरावा, हे त्या कायद्याने ठरविले. म्हणजे आपण ज्याला खुला बाजार म्हणतो, त्याला खुलेपणा आला तोच मुळी नियमांमुळे. मापात पाप करण्याचे स्वातंत्र्य व्यापाऱ्याकडून काढून घेतल्यावर कास्तकाराला विकण्याचे स्वातंत्र्य मिळाले.

याची उलट बाजूही वऱ्हाडानेच पाहिली आहे. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. हेतू उत्तम होता. व्यापाऱ्याची पिळवणूक थांबावी. परंतु एकच गिऱ्हाईक उरले म्हणजे ते गिऱ्हाईक सरकार असले तरी काय होते, ते संकलन केंद्रांबाहेर रात्र-रात्र उभ्या राहिलेल्या बैलगाड्यांनी आणि हप्त्याहप्त्याने मिळालेल्या चुकाऱ्यांनी दाखविले. शेजारच्या मध्य प्रदेशात भाव बरा असला की कापूस रातोरात सीमा ओलांडी. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी शेतीमालाचा भाव सरकारी धोरणच पाडते, असा जो मुद्दा मांडला, तो आजही खोडून काढता येत नाही. एकाधिकार या शतकाच्या आरंभी संपला. दुःख करावे असे त्यात फारसे नव्हते.

मात्र ज्यांना एकाच गिऱ्हाइकाचा जाच कळला, त्यांनी तो मजुराच्या बाबतीतही ओळखावयास हवा. मजूर हाही विक्रेताच आहे, दिवस विकतो. हंगामापूर्वी गावात पारावर वेचणीचा दर ठरतो. त्यासाठी सभा होत नाही, ठराव होत नाही. एखाद्याने रुपया जास्त दिला की ‘त्याने मजूर बिघडवले’ एवढे वाक्य पुरते. मालक मंडळींची मजुरी न वाढविण्याविषयीची ही अबोल एकजूट नेहमी आणि सर्वत्र असते, हे निरीक्षण कोणा डाव्या पुढाऱ्याचे नव्हे. मुक्त बाजाराचे आद्य पुरस्कर्ते ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच ते नोंदविले आहे.

‘किमान वेतन वाढविले की रोजगार घटतो’ हे विधान पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षे सिद्धांतासारखे छापले गेले. जेथे मालक अनेक आणि मजुराला निवडीला वाव, तेथे ते बऱ्याच अंशी खरेही आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तेथील खाद्यगृहांची तुलना शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील खाद्यगृहांशी केली, तेव्हा नोकऱ्या घटल्याचे आढळले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या अभ्यासावरून मेहकरच्या शेताविषयी निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. सोयाबीनची सोंगणी फार महाग झाली तर कास्तकार हार्वेस्टर बोलावतो, हे घाटावर कोणालाही दिसते. कापूस वेचणारे यंत्र आपल्या लहान तुकड्यांत अजून रुळलेले नाही, म्हणून वेचणीची गोष्ट वेगळी. किमान वेतनाचा परिणाम पिकागणिक बदलतो. सरसकट उत्तर देणारा पंडित कोणत्याही बाजूचा असो, त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

मग महाराष्ट्रात शेतमजुरीचा तळ कोणी धरून ठेवला? निरीक्षकाने नव्हे. तो धरला रोजगार हमीने, आणि येथे या लेखाच्या वाचकांचा थेट संबंध येतो. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. आजही शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे अशी जी वर्षाची अडीच हजारांची कपात दिसते, तिचे मूळ तेथे आहे. शहरातील पगारदाराने खेड्यातील बेकार हाताचा भार उचलावा, असा तो करार होता. आपल्यापैकी कित्येकांना या कपातीचे कारण ठाऊकही नसते.

या योजनेची खरी ताकद खडी फोडण्यात किंवा पाझर तलावात नव्हती. गावातल्या अबोल एकजुटीपुढे तिने एक दुसरा मालक उभा केला. ‘नाही परवडत, मी हमीच्या कामावर जाते’ एवढे म्हणता येणे, हाच शेतमजुराच्या हातातला एकमेव तराजू होता. पाटबंधाऱ्याच्या मातीवर एखादी बाई प्रत्यक्ष गेली नाही तरी चालत असे. जाऊ शकते हे पुरेसे होते.

सरकारही मालकच, तेव्हा मालकाचे गुण त्यालाही लागू. १९८८ मध्ये राज्यातील शेतमजुरीचे किमान दर जवळजवळ दुपटीने वाढले आणि हमीच्या कामावरची मजुरीही त्याबरोबर चढली. त्यानंतर मार्टिन रॅव्हलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी उपस्थितीचे आकडे तपासले, तेव्हा मागेल त्याला काम ही हमी पूर्वीसारखी पाळली जात नसल्याचे त्यांना दिसले. दर वाढला, कामे आखडली. मुक्त बाजाराचे समर्थक याचा आनंदाने दाखला देतील. पण येथे रोजगार घटविला तो बाजाराने नव्हे, अंदाजपत्रकाने. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ आणि १९८३ मधील निकालांत स्वच्छ सांगितले होते की, किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी होय. १९८३ चा निकाल राजस्थानातील दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा होता. असे असूनही २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात किमान वेतन कायदा बाजूस ठेवून केंद्राला स्वतंत्र दर ठरविण्याची मुभा ठेवली गेली आणि जानेवारी २००९ पासून ती वापरली गेली. खाजगी मालकाला जे निषिद्ध ते सरकारने स्वतःला परवानगी देऊन केले. २०१९ मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने देशासाठी दिवसाला ३७५ रुपयांचा किमान तळ सुचविला होता. तो स्वीकारला गेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. किमान वेतनाचा हक्क आता ठराविक उद्योगांपुरता न राहता सर्व कामगारांना मिळाला, ही त्यातील जमेची बाजू. मापारी कोण, हा प्रश्न होता तेथेच आहे.

राहिला रुपया. मजुरी आणि चलन यांचा संबंध ज्या भारतीयाने प्रथम इतक्या स्पष्टपणे ओळखला तो मराठी बोलणारा होता, आणि तरी आपल्या अर्थशास्त्राच्या वर्गात तो संबंध क्वचितच सांगितला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाला. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी मतभेद नोंदवूनच ती लिहिली. त्या काळी गिरणीमालक आणि निर्यातदार रुपया स्वस्त ठेवा म्हणत होते. त्यातच देशाचे हित आहे असा त्यांचा पुकारा होता. आंबेडकरांनी साधा प्रश्न विचारला: देश म्हणजे कोण? रुपयाचे मोल उतरले म्हणजे जिनसांचे भाव चढतात, मजुरी मागे रेंगाळते, आणि मधला फरक मालकाच्या खिशात जातो. देशाला झालेला म्हणून जो फायदा मिरविला जातो, तो मजुराच्या ताटातून उचललेला असतो. चलनाचे मोल स्थिर हवे आणि नोटा वा रुपये पाडण्याची सरकारची मोकळीक बांधलेली हवी, हा त्यांचा आग्रह त्यातून आला. तेच आंबेडकर पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मांडले. हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

सरकारला नोटा छापण्याची मोकळीक नको, हेच तर आम्ही म्हणतो, असे बिटकॉइनचे तरुण भक्त यावर सांगतील. त्यांच्या चलनाची संख्या दोन कोटी दहा लाखांवर कायमची बांधलेली आहे, हे खरे. पण संख्या स्थिर असणे आणि मोल स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला सुमारे ६९ हजार डॉलर पडत. वर्षभराने सोळा हजारांच्या आसपास. सालदाराचे साल अक्षय्य तृतीयेला या चलनात ठरविले असते तर दिवाळीला त्याच्या घरी काय शिजले असते? एल साल्व्हादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. जानेवारी २०२५ मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती मागे घ्यावी लागली. सट्टा म्हणून ज्याला तो खेळावयाचा त्याने खेळावा. पगार म्हणून त्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

मोल टिकविण्याचा उपाय पगारदार वर्गाने स्वतःपुरता केव्हाच शोधला आहे. आपल्याला महागाई भत्ता मिळतो. जानेवारीत आणि जुलैत त्याचा हिशेब होतो, आणि उशीर झाला तर थकबाकीसह. रोजगार हमीचा दर वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये बदले. आणि तो ज्या शेतमजूर निर्देशांकाला बांधलेला होता, त्याचे आधारवर्ष १९८६-८७ होते. त्यातील खर्चाची वाटणी तर १९८३ च्या सुमाराची. मोबाइलचा भरणा, मुलीचा शहरातील बसचा पास, खाजगी दवाखान्याचे बिल यांना त्या गणितात जवळपास जागा नव्हती. याच जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकविणारे प्राध्यापक आहेत, ठोक मानधनावर काम करणारे शिक्षणसेवक आहेत. महागाईने कुरतडलेला ठराविक आकडा म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आणि उशीर. पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास २००५ च्या कायद्याखाली दिवसाला ०.०५ टक्के भरपाई होती. आठवड्याच्या सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये धरली तर महिनाभराच्या विलंबाची भरपाई होते अठ्ठावीस रुपये. तेवढीच रक्कम गावात शेकड्याला महिना तीन रुपयांनी उचलली तर व्याज छप्पन्न. विलंब ही मजुरीतली कपातच आहे. फक्त ती कोणत्याही हजेरीपटावर दिसत नाही. १ जानेवारी २०२४ पासून ही मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा करण्याची सक्ती झाली. मुकादमाचा हात मध्ये येत नाही, हा लाभ मोठा आणि तो नाकारू नये. परंतु नावातील एका काना-मात्रेच्या फरकाने पैसे अडकतात. वेचणीने आणि मातीने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमटत नाही. पूर्वी पैसे कोणी अडविले ते कळत असे आणि त्याच्या दारात जाऊन बसता येई. आता यंत्र अडविते, आणि यंत्राला दार नसते.

तरीही यंत्राला विरोध करून भागणार नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५७ मंडलांत ओळखपत्राधारित मजुरीवाटपाचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात मजुरी लवकर मिळू लागली, गळती घटली. त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. गरीब कुटुंबांची कमाई सुमारे १४ टक्क्यांनी वाढली, आणि वाढीचा मोठा भाग योजनेतून न येता खाजगी कामाच्या वाढलेल्या मजुरीतून आला. रोजगारही घटला नाही. दुसरा मालक वेळेवर पैसे देऊ लागताच पहिल्याला दर वाढवावा लागला. किमान वेतन, बाजार आणि चलन हे तिन्ही वाद या एका निष्कर्षात एकत्र आलेले आहेत.

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारासाठी प्रायोगिक स्वरूपात आला. त्याचा एक विशेष असा की, तो कशासाठी खर्च व्हावा हे आधीच त्यात नोंदविता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेने तशी सोय प्रयोगात आणण्याचे जाहीर केले. अनुदानापुरते हे ठीक म्हणता येईल. मजुरीपर्यंत ते पोचू नये. एके काळी हमीच्या कामावर मजुरीचा काही भाग धान्याच्या कूपनांत मिळे. कूपनवर नेमके कोणते धान्य मिळे, ते जुन्या मजुरांना विचारावे. मजुरी रोख नाण्यातच द्यावी, असा दंडक मजुरीविषयीच्या जुन्या कायद्यांनी घातला तो याच अनुभवातून. कमावलेल्या पैशाने डाळ आणावी की मुलाची फी भरावी, हे कमावणाऱ्याने ठरवावयाचे असते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस शंभरावरून सव्वाशे झाले, खर्चातला राज्याचा वाटा बहुतेक राज्यांसाठी चाळीस टक्के झाला, आणि पेरणी-कापणीच्या ऐन मोसमात एकूण साठ दिवस कामे बंद ठेवावीत, असे कलम आले. शेतीला मजूर मिळावेत, हे त्याचे कारण. कास्तकाराची अडचण खोटी नाही. सोंगणीला माणूस न मिळाल्याने शेंगा तडकून गेलेले शेत ज्याने पाहिले आहे, तो तिला खोटी म्हणणार नाही. पण मजुराच्या हातात तराजू येतो तो याच दिवसांत, आणि नेमके तेव्हाच दुसऱ्या मालकाने दुकान बंद ठेवावयाचे आहे. जे स्वतःला मुक्त बाजारवादी म्हणवितात, त्यांनी तरी याचे स्वागत करू नये. स्पर्धकाला हंगामात बसवून ठेवण्याला मुक्त बाजार म्हणत नाहीत. ते साठ दिवस कोणते, हे राज्यांनी आधी जाहीर करावयाचे आहे. आपल्याकडे पेरणी जून-जुलैत, घाटावर सोयाबीनची सोंगणी ऑक्टोबरच्या आसपास, घाटाखाली कापसाचे वेचे त्यानंतर पुढे दोन-तीन महिने. एवढे सारे साठ दिवसांत बसत नाही. पेरणीचे दिवस निवडले तर निंदणाऱ्या बाईचा दर बांधला जाईल, वेचणीचे निवडले तर वेचणाऱ्या बाईचा. ती तारखांची यादी कोणत्या बैठकीत, कोणाला विचारून ठरते, याकडे व्यवसाय कर भरणाऱ्यांनीही लक्ष ठेवावयास हवे.